बर्वे सरांचे श्रोते

बर्वे सर डाव्या हाताने लिहायला बसले की म्हातारी बाई व्हायचे आणि उजव्या हाताने लिहिताना कापडाच्या यंत्रमागावरचा संचेवाला. जितकी पोस्टकार्डं, तितकी माणसं. लिंबायतला आमच्या वरच्या खोलीत हा माणूस एकटा राहायचा. मराठी शाळेत मास्तर होता आणि दर रविवारी सकाळी सुरतच्या रेडिओवर अर्धा तास मराठी कार्यक्रम करायचा. त्या कार्यक्रमाला येणारी सगळी पत्रंसुद्धा तोच लिहायचा.

सगळी म्हणजे, थोडी मीही लिहायचे. "बोरसे वहिनी, तुमचं अक्षर फार मोलाचं आहे. अगदी खरं वाटतं," सर म्हणायचे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा. ही तारीफ होती की टोमणा, देव जाणे! मी फोडणी टाकायला आणि सर दारात उभे राहायला एकच गाठ. हाक नाही, कडी नाही, घसा खाकरून एकदम सुरू, "सकाळचे आठ वाजून सतरा मिनिटं झाली आहेत. वहिनी, पेन घ्या." भाजीवालीला सांगायचे, "आता ऐकू या वांग्यांचा भाव." ती बिचारी गुजराती. घाबरून एक वांगं जास्तच टाकायची.

हा पत्रांचा उद्योग कशासाठी? तर स्टेशन नवं होतं तोवर सगळं छान चाललं होतं. ओव्या, पोवाडे, आरोग्याच्या चार गोष्टी, शेवटी श्रोत्यांची पत्रं. मग एक दिवस तिथले साहेब म्हणाले, "सर, कागळ आवता नथी. हप्त्याला दहा पत्रं दाखवा, नाहीतर मराठी बंद."

पत्रं येणार कुठून? आमचे लोक बारा-बारा तास संच्यावर. आमचे हे घरी आले तरी तासभर त्यांच्या कानात संचाच चालू असायचा. मी रेडिओ लावला की ओरडायचे, "बंद कर ते, डोकं दुखी राहिनं!"

म्हणून सरांनी श्रोते बनवले. कतारगामची लता सोनवणे, बमरोलीचा हिंमत महाजन, अशी पुष्कळ माणसं. हिंमत तर सरांचा लाडका. पोस्टकार्डावरच त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. त्या मुलीला गोवर निघाला तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला. मी विचारलं, "सर, उतरला का हो?" तर म्हणाले, "पुढच्या पत्रात ठरवू."

मग साहेब बदलले आणि रविवार गेला. बुधवारी दुपारी अडीच वाजता पंधरा मिनिटं मिळाली. त्यानंतर फोनवरच्या फर्माईशी आल्या. एक पोरगी अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलत खिदळायची, आणि लोक तिच्यासाठी फोनच्या दुकानात रांगा लावायचे. मराठीला बाजारभावानंतरची पाच मिनिटं उरली. दर वेळी सर म्हणायचे, "हरकत नाही. श्रोते सुज्ञ आहेत."

"डोंबलाचे श्रोते!" मी एकदा चिडून म्हटलं. "तुम्ही आणि मी!"

शेवटी नव्या साहेबांनी सांगितलं, की बुधवारी एक तरी खरा श्रोता स्टुडिओत आणा. तो हिंमत महाजन आणा. आला तर कार्यक्रम राहील, नाहीतर हा बुधवार शेवटचा.

"आता हिंमत आणायचा कुठून? तो तर आपण बनवलेला!" मी म्हटलं.

सर वर गेले आणि जुनं हजेरीपुस्तक घेऊन आले. माय वं! लता, हिंमत, सगळे त्यात होते. सगळी सरांच्या वर्गातून शाळा सोडून गेलेली पोरं. कोणी संच्यावर लागलेलं, कोणाला बापाने गुजराती शाळेत घातलेलं. चाळीसचा वर्ग होता, त्यात नऊ उरले होते.

"जाताना सांगत नाहीत, वहिनी," सर म्हणाले. "एक दिवस येत नाहीत, बस."

रिक्षा करून आम्ही बमरोलीला गेलो. शोधत शोधत हिंमत सापडला. मिशा फुटलेल्या, केसांत रुई. कारखान्याबाहेर येऊन तो सरांच्या पाया पडला. "सर, तुम्ही? मराठी शाळा अजून चालू छे?"

मी वेड्यासारखं विचारून बसले, "मुलीचा गोवर उतरला का रे?"

"मावशी, लग्नच कुठे झालंय?" तो म्हणाला. रेडिओ त्याने कधी ऐकलाच नव्हता. आत एवढा खडखडाट, ऐकणार काय! बुधवारचं सांगितलं तर मान खाली घालून म्हणाला, "खाडा पडेल, सर. सेठ काढून टाकेल."

बुधवारी मी रेडिओला कान लावून बसले. बाजारभाव संपले. सरांनी नमस्कार केला नाही, पत्र वाचलं नाही, गाणंही नाही. नुसती नावं वाचली. लता पंडित सोनवणे. हिंमत दगडू महाजन. एक नाव घ्यायचे, थोडं थांबायचे, मग पुढचं. पाच मिनिटांत सगळी नावंही झाली नाहीत. मध्येच ती पोरगी खिदळत आली. मी पदर तोंडाला लावून रडले.

संध्याकाळी सर आले. मी डाळ ढवळत होते.

"कोणी ऐकलं असेल का हो, वहिनी?"

मी पटकन म्हटलं, "हिंमत येऊन गेला ना! खाडा करून आला होता. कोणाच्या तरी घरी रेडिओ ऐकला म्हणे. माझं नाव सरांनी घेतलं, म्हणाला."

सर माझ्याकडे बघत राहिले. खोटं पत्र त्यांना कळणार नाही तर कोणाला? त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"अजून काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

मी गॅस बारीक केला आणि सांगत बसले.