खाणावळ स्थलांतरित झाली आहे, चौकशी करावी

रस्ता लोकांसाठी असतो हा गैरसमज आहे. लोक रस्त्यासाठी असतात, आणि तो जिकडे जाणार असेल तिकडे त्यांनी आधीच जाऊन उभे राहणे हे सुजाण नागरिकाचे लक्षण होय. आमच्या मंगोलियातल्या दक्षिण गोबी वाळवंटातल्या तालुका कचेरीला हे तत्त्व पूर्ण पटलेले असल्यामुळे तिने डांबरी रस्ता येण्यापूर्वीच खंदसुरेनताईची खाणावळ त्याच्या वाटेवर हलवली. (रस्ता अजून आलेला नाही. मोजणी झालेली आहे.)

खाणावळ म्हणजे लोकरीच्या नमद्याचे एक गोल तंबूघर, म्हणजे आमचे गेर, एक चूल आणि एक मोठी कढई. मागच्या हिवाळ्यातल्या बर्फात ताईची सगळी मेंढरे गेली. तेव्हापासून आम्ही ट्रकवाले तिच्याकडे जे खाऊ, त्यावरच तिचे घर आणि दोन मुलींची वसतिगृहाची शाळा चालते. गेर हलवणे आमच्या रक्तातच असल्यामुळे स्थलांतर वेळेआधी पार पडले. ट्रक मात्र जुन्या कच्च्या वाटेनेच येत राहिले, कारण ट्रक मोजणीवरून चालत नाहीत.

त्यांच्या सोयीसाठी कचेरीने जुन्या जागी फलक लावला: ‘खाणावळ स्थलांतरित झाली आहे. चौकशी करावी.’ कुठे गेली, ते लिहिले नाही. कचेरीप्रमुख पुन्त्सागसाहेबांचे म्हणणे असे की, ठिकाण लिहिले आणि खाणावळ पुन्हा हलली तर फलक खोटा ठरेल, आणि कचेरीने आजवर एकही खोटा फलक लावलेला नाही. (त्याआधी एकही फलकच लावलेला नव्हता.)

चौकशी कशी करावी हे मात्र आम्हाला कुणी शिकवायला नको. दिसेल त्या गेरापाशी ट्रक थांबवावा. ‘कुत्री आवरा’ असे ओरडावे; कुत्री नसली तरी ओरडावे, कारण तेच आमचे दार वाजवणे. आत बसावे, यजमानाच्या तपकिरीचा वास घ्यावा, उंटांना यंदा चरबी चढली का ते विचारावे. मग मिठाचा दुधाळ चहा येतो. मग वाळवलेल्या दह्याचे खडे. मग ‘शिजतंच आहे’ म्हणून मटण. वाडगा रिकामा होण्याआधी कामाचे बोलणे म्हणजे ‘मी फक्त कामापुरता आलोय’ असे तोंडावर सांगणे, आणि इतका अडाणी माणूस गोबीत ट्रक चालवत नाही. वाडगा रिकामा झाला की रस्ता विचारावा. उत्तर ठरलेले: त्या टेकडीच्या पलीकडे, अगदी जवळ. टेकडीच्या पलीकडे दुसरे गेर असते.

पहिले गेर म्हाताऱ्या गोंचिगकाकांचे. तिथून निघून मी आणखी दोन ठिकाणी चौकशी केली आणि खाणावळ बरोबर सापडली. ताईने कढईवरचे झाकण उचलले. मटणात परतलेल्या शेवया काठोकाठ होत्या. मला ढेकर आला.

“तूही जेवूनच आलास,” ती म्हणाली.

“काय करू ताई, गोंचिगकाकांनी सोडलंच नाही.”

“कुणालाच सोडत नाहीत. सकाळपासून जो येतो तो माझा चहा पितो, पाय लांब करतो आणि शेवयांची तारीफ करतो. नुसत्या वासावरून.”

(पहिला चहा अर्थात फुकट. आत आलेल्या माणसाकडे चहाचे पैसे मागायला ती काय परक्या मुलखातली होती?)

पुढच्या खेपेला मला रस्ता पाठ झाला होता. तरीही थांबलो. अनोळखी असताना ज्याच्याकडे जेवलो, त्याच्या दारावरून ओळख झाल्यावर न थांबता जायचे, हे मला जमले नाही.

मग ताई स्वतःच गोंचिगकाकांकडे गेली आणि (जेवण झाल्यावर) म्हणाली, ट्रकवाल्यांना दारातूनच दिशा दाखवा. काका रागावले नाहीत, त्यांना वाईट वाटले.

“पोरी, तुझ्यासाठी काहीही करीन,” ते म्हणाले. “पण दारात आलेल्याला बोट दाखवून हाकलू? त्यापेक्षा कुत्रीच सोडतो ना अंगावर.”

शेवटी तिने फलकावर एक बाण काढून मिळावा असा अर्ज केला. साहेबांनी रीतसर पाहणी केली. खाणावळ सापडलेले प्रवासी: शंभर टक्के. उपाशी पोहोचलेले: शून्य टक्के. प्रवाशांच्या तक्रारी: शून्य. सबब बाणाची आवश्यकता सिद्ध होत नाही. गोंचिगकाकांना आतिथ्याबद्दल पदक मिळाले आणि ताईला ‘सहज सापडणारी खाणावळ’ असे प्रशस्तिपत्र. तिने ते गेरात दारासमोर लावले, कारण दाद मागायला दुसरी कचेरी उरली नव्हती.

थंडी सुरू होताच तिने गेर उतरवले. मुलींची नावे शाळेतून काढली आणि राजधानीत शिवणकारखान्यात काम धरले. सामान माझ्याच ट्रकमधून गेले. वाटेत गोंचिगकाकांकडे थांबलो. काका रडले आणि त्यांनी तिघींना दोन-दोन वाडगे वाढले. मलाही रडू आले, पण मीही दोन वाडगे खाल्ले.

खाणावळ गेल्यामुळे कुणाचे काही अडलेले नाही. फलक आहे, चौकशी चालू आहे, ट्रकवाले तीन गेरांत जेवून तृप्त होऊन परत वाटेला लागतात. कढई उठून गेलीय हे त्यांतल्या बऱ्याच जणांना अजून ठाऊक नाही.

तुम्ही आम्हाला हसू नका. मटणाचा वाडगा पुढे आला तेव्हा ‘माणसं असावीत तर अशी’ हे तुमच्याही मनात आले होते. ताईच्या मुलींची शाळा कशावर चालते ते मी त्याआधीच सांगितले होते. तेव्हा तुम्हीही जेवतच होता.