वामनकाकांचे समुद्र

आमच्या वणीत समुद्र नाही, ही गोष्ट वामनकाकांना अजून मान्य नाही. त्यांच्या बैठकीत लग्नाच्या फोटोच्या जागी कोकण किनाऱ्याचा अठराव्या शतकातला नकाशा लागला आहे आणि लग्नाचा फोटो फ्रिजवर गेला आहे. असे समुद्राचे नऊ नकाशे त्यांनी जमवलेत. काकू त्यांना सवती म्हणतात.

काका कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. पाण्यानं भरलेला जुना बोगदा नकाशावर नसेल तर तिथे माणसं मरतात. त्यामुळे गल्लीत नवा गतिरोधक झाला म्हटलं तरी ते विचारतात, "नकाशात हाय काय?" रिटायर झाले आणि पाण्याखालचा खडक न् खडक दाखवणाऱ्या या नकाशांच्या प्रेमात पडले. हात धुतल्याशिवाय कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. एका भज्यापायी मी अर्धा तास ओसरीत उभा होतो.

"काका, समुद्र पाह्यला काय कधी?"

"कायले? घरी हाय ना!"

यंदा काचबिंदूनं काकूंची नजर गेली. दोनदा पायरीवरून पडल्या. नागपूरच्या त्यांच्या मुलीनं, सुनंदानं फोनवर सांगून टाकलं, "आईले मी घेऊन जातो." काकूंना घर सोडायचं नव्हतं. आणि काका मात्र जहाजांच्या पुस्तकांत डोकं घालून बसलेले! मला रागच आला.

"काका, काकूकडे पाहा ना जरा."

"तेच करून राह्यलो," ते म्हणाले.

रविवारी सुनंदा न्यायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. काकूंच्या खाटेपासून स्वयंपाकघरातून थेट अंगणापर्यंत कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधलेली. तिला मध्येमध्ये कातडं, फडकं, गाठी. जुने खलाशी पाण्याची खोली मोजायच्या दोरीला अशाच खुणा बांधून ठेवत, किती खोल ते अंधारात हातानं कळावं म्हणून.

"कातडं आलं का उंबरठा," काका सांगत होते. "फडकं आलं का चूल. दोन गाठी म्हंजे पायरी."

काकू दोरी धरून आल्या. दोन गाठींपाशी थांबल्या, पाय खाली टाकला आणि अंगणात उभ्या राहिल्या.

"सुनंदे, बॅग ठेव. जेवून जाजो."

सुनंदानं डोळे पुसले. मग तिचं लक्ष काकांच्या कपाळावरच्या टेंगळाकडे गेलं. "बाबा, हे काय झालं?"

"काही नाही. दाराले लागलं."

काकू हसल्या. "डोयाले पट्टी बांधून आठ दिवस घरभर फिरत होते. मले दिसत नाही म्हून ह्यायले वाटते, मले समजतई नाही."