शिकवणाऱ्याला आधी शिकवा

सोपान गुरुजींच्या निवेदनाला सरकारचं उत्तर आलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. एरवी आम्ही जुन्नर-आंबेगावकडचे मास्तर लोक निवेदनं काय कमी देतो? निवेदन द्यायचं, साहेबांबरोबर फोटो काढायचा, कोपऱ्यावर मिसळ खायची आणि घरी यायचं. उत्तराची अपेक्षा कुणीच ठेवत नाही, आणि सरकारनंही आजवर कधी तसला आगाऊपणा केला नव्हता.

निवेदनात वावगं काहीच नव्हतं. पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. पुस्तकं नवी, चित्रं रंगीत, पण शिकवणारे तेच जुने आम्ही. बारावीला इंग्रजीत पस्तीस पडले तेव्हा ज्यांच्या घरी पेढे वाटले गेले, असे. सोपान गुरुजी तर आपलं इंग्रजी लपवतही नसत. "माझं इंग्रजी म्हणजे उसनी चप्पल. चार पावलं चालता येतं, पळता येत नाही," असं ते भर बैठकीत सांगत. आम्ही हसायचो आणि आपापले पाय बाकाखाली घ्यायचो.

त्यांच्या कुशाबाच्या वाडीची शाळा खोडदच्या अलीकडे. दुसरीतल्या प्रज्ञाचे वडील तिकडच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात वॉचमन होते. तिथले शास्त्रज्ञ आपसात इंग्रजी बोलतात, हे तिनं स्वतः ऐकलेलं. ती रोज गुरुजींच्या टेबलापाशी येऊन म्हणायची, "गुरुजी, तुमी इंग्रजीत बोला की. आमी नुस्तं ऐकतो."

"उद्या बोलतो हं," गुरुजी म्हणायचे. या उद्याची त्यांना मनापासून लाज वाटायची. म्हणून त्यांनी निवेदन लिहिलं. वर मथळा दिला, 'शिकवणाऱ्याला आधी शिकवा'. शिक्षकांना नीट प्रशिक्षण द्या, ते द्यायला खरोखर इंग्रजी येणारं माणूस पाठवा, शाळेला टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी द्या, एवढंच मागणं. खाली आम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या. आमची तर चांगली ठसठशीत होती.

आणि उत्तर आलं! मुंबईहून समिती येणार, कुशाबाच्या वाडीची शाळा बघणार आणि तालुक्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं की नाही ते ठरवणार. गुरुजी हरखून गेले. पोरांना इंग्रजी येत नाही आणि गुरुजींनाही येत नाही, एवढंच तर दाखवायचं होतं. न येण्याची तयारी काय करायची? ती वर्षभर झालेलीच होती.

ते कागद घेऊन शाळा समितीच्या अध्यक्षांकडे, सोमाजीभाऊंकडे गेले. सोमाजीभाऊ टोमॅटोच्या क्रेटवर बसून बिडी ओढत होते.

"कमिटी येनार म्हंजी तपासनी," सोमाजीभाऊंनी निकाल दिला.

"तपासणी नाही हो, पाहणी. आपल्याला काय येत नाही ते त्यांना बघायचंय."

"आन् तुमी ते दाखवनार?"

"हो."

"गुरुजी, पोरगी बघाया पावनं आलं, तर तिला सैपाक येत न्हाई म्हनून आपन सोताहून सांगतो का?"

"अहो, ही काय सोयरीक आहे का?"

"बघाया येत्यात ती समदी पावनंच असत्यात," सोमाजीभाऊंनी बिडी विझवली. "तुमी काळजीच करू नका राव. गाव बघून घील."

गुरुजींनी कागद घडी घालून खिशात लपवला. गाव बघून घेणार म्हटल्यावर भलेभले कागद लपवतात. संध्याकाळी पालकांची सभा भरली. प्रज्ञाची आजी जानकाबाई पदर खोचून पुढं झाली.

"जय भीम गुरुजी. माजी नात ढ हाय म्हनून तुमी मुंबैला ल्हिवलं, ते खरं का?"

"जय भीम आजी. तिला नाही हो, मी ढ आहे असं लिहिलंय."

"मंग तुमचं तुमी निस्तरा. पोरीचं नाव कशाला खराब करता?"

सभेत जो तो गुरुजींवर घसरला. शेवटी एखादी इंग्रजी कविता पोरांकडून पाठ करून घ्यायला गुरुजी कबूल झाले. तेवढ्यानं काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं. बिघडायला तेवढंच लागतं. कवितेच्या मागोमाग भिंतींना चुना आला, चुन्यामागं पताका, पताकांमागं लेझीम, आणि लेझीम म्हटल्यावर जिलबीचा आचारी आपोआपच आला.

समितीच्या दिवशी सकाळी गुरुजी वर्गात शिरले आणि जागच्या जागी थबकले. पहिल्या रांगेत दोन अनोळखी चेहरे होते. मुलगी टापटीप, केसांना लाल रिबिनी. शेजारी तिचा थोराड भाऊ. त्याला दुसरीतल्या कुणाचा तरी सदरा चढवला होता आणि पोटावरची बटणं जीव मुठीत धरून होती.

"सोमाजीभाऊ! ही कोण?"

"रमनशेटची नातवंडं. नारायनगावचं खताचं दुकान न्हाई का? तेंची. अरिहंत आन् रिद्धी. दोघं बी इंग्लिश मिडियमला हायेत. फडाफडा बोलत्यात. सकाळधरनं जिलबीवर बसवल्यात."

"अहो, पण हे खोटं आहे!"

"खोटं कसं? पोरं खरी हायेत, इंग्रजी बी खरं हाय. बसायची जागा तेवढी बदलली."

गुरुजी अरिहंतचा हात धरून त्याला उठवणार, तोच बाहेर जीप थांबली आणि लेझमीचा दणका सुरू झाला. समितीच्या मॅडम उतरल्या. साधी सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी. मागून तालुक्याचे विस्तार अधिकारी साहेब पळत पळत आले. साहेबांनी पुढं केलेला हार मॅडमनी हातानंच थांबवला.

"मला सत्कार नको, वर्ग दाखवा. गुरुजी, तुमचं निवेदन वाचून मी मुद्दाम आले. इतकं प्रामाणिक निवेदन आजवर माझ्या हातात आलं नव्हतं."

गुरुजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण खाली नव्यानंच शेणानं सारवलेलं होतं, तिथं धरणीसुद्धा दुभंगायला तयार नव्हती.

मॅडमनी पोरांना इंग्रजीत विचारलं, तुमच्या गावाबद्दल मला कोण सांगेल? प्रश्न आला एवढं पोरांना कळलं, आणि सगळ्या वर्गानं बेंबीच्या देठापासून कविता म्हणायला घेतली. मॅडम हसल्या. गुरुजींना हायसं वाटलं. हे बरं झालं, हेच तर दाखवायचं होतं! तेवढ्यात रिद्धी उठली.

ती जी सुटली ती थांबेना. टोमॅटोचे मळे झाले, द्राक्षांचे मांडव झाले. मग अरिहंतनं सूत्रं हाती घेतली आणि खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या आभाळातल्या ताऱ्यांचे आवाज कसे ऐकतात, ते इंग्रजीतून समजावून सांगितलं. विस्तार अधिकारी साहेबांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही, पण ते दर वाक्याला मान डोलवत होते. हात पसरून तबकडी केवढी ते दाखवताना अरिहंतच्या पोटावरचं बटण तुटलं आणि टण्णकन मॅडमच्या वहीवर येऊन पडलं.

मॅडमनी ते बटण हळुवार उचललं. त्यांचे डोळे भरून आले. "अंगाला पुरेसा कपडा नाही, पण शिक्षण बघा," त्या साहेबांना म्हणाल्या. ज्याच्या आजोबांकडून अख्खा तालुका खत उधार नेत होता, त्या अरिहंतनं नम्रपणे मान खाली घातली.

"तुला हे कुणी शिकवलं, बाळ?"

अरिहंतनं पढवल्याप्रमाणे जिलबीनं चिकट झालेलं बोट गुरुजींकडे केलं.

आता सगळा वर्ग गुरुजींकडे बघत होता. खिडक्यांच्या गजांना सगळं गाव लोंबकळत होतं. सोमाजीभाऊंनी टोपी काढून हात जोडले होते. जानकाबाई पदरानं डोळे टिपत होती. खरं सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं. अगदी शपथेवर सांगतो, खरं सांगायलाच उघडलं. पण बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी वर्गात येऊन शाबास म्हटलेलं नव्हतं. आणि आमच्यापैकी प्रत्येक मास्तरानं आदर्श शिक्षक पुरस्कार घेताना बोलायचं म्हणून एक इंग्रजी वाक्य आरशापुढं घोटून ठेवलेलं असतं. तेच नेमकं बाहेर पडलं.

"थँक्यू मॅडम. इट इज माय ड्युटी."

खिडक्यांत टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमची जीप गेली, तशी सोमाजीभाऊंनी गुरुजींना मिठी मारली. "जितलं गुरुजी! मुंबैच्या बाईला पानी पाजलं!" जिलबीच्या पंगती उठल्या. रिद्धी आणि अरिहंत डबाभर जिलबी घेऊन मोटरसायकलवरून नारायणगावला रवाना झाले.

शाळा सुटल्यावर प्रज्ञा टेबलापाशी आली. तिला मागच्या रांगेत, दाराआड बसवलं होतं.

"गुरुजी, त्या मॅडम परत येत्याल का? मला इचारायचं व्हतं."

"काय विचारायचं होतं?"

"त्या पोरांना त्यांची मॅडम शिकिवती. मंग आमाला कोन शिकवाया येनार?"

गुरुजींना त्या दिवशी जिलबी गेली नाही. प्रज्ञाचा प्रश्न रात्रभर बोचत राहिला. आम्ही त्यांना म्हणालो, जाऊ द्या हो, पोरगी आहे, विसरेल. ते म्हणाले, "ती विसरेल. मी कसा विसरू?"

यथावकाश समितीचा अहवाल आला. तालुक्यातल्या शिक्षकांचं इंग्रजी समाधानकारक असल्यामुळं बाहेरून प्रशिक्षक पाठवण्याची गरज नाही. टेपरेकॉर्डरचीही नाही. तरीही शिक्षकांची मागणी विचारात घेऊन दहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं, आणि ते सोपान गुरुजींनी द्यावं. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून.

गुरुजी कागद घेऊन धावतच विस्तार अधिकारी साहेबांकडे गेले. सगळी हकिकत सांगून टाकली. साहेबांनी आधी दार लोटलं.

"गुरुजी, हे लेखी दिलंत तर चौकशी लागेल. सोमाजीभाऊ जातील, तुम्ही जाल. आणि त्या दिवशी पंगतीत मी पण होतो. तिसऱ्यांदा जिलबी मागून घेतली होती."

"अहो, पण मी शिकवू काय? कोणाला?"

"वरून आलेलं खालून बदलत नाही. आणि काळजी कसली करता? मी स्वतः पूर्णवेळ मागं बसेन. कोण किती लक्ष देतंय ते टिपून घेईन."

जुन्नरला एका मंगल कार्यालयात प्रशिक्षण सुरू झालं. आम्ही सगळे निवेदनवाले झाडून हजर होतो. गुरुजी मंचावर चढले. चेहरा निश्चयाचा होता. साहेब अगदी मागं, दाराशी, मांडीवर वही ठेवून बसले होते.

गुरुजींनी माईक हातात घेतला. "मित्रहो, मी खरं तेच सांगणार आहे. मला इंग्रजी येत नाही."

 दुसऱ्या रांगेतले एक वयस्कर मास्तर हळहळून म्हणाले, "बघा! एवढा तज्ज्ञ माणूस, पण अहंकार म्हणून न्हाई." आणि कडाडून टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच येत नाही! ती पोरं रमणशेठची होती!"

"इनोदी बी हायेत," कुणीतरी म्हणालं. टाळ्यांत हशा मिसळला.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला. "ठीक आहे. माझं सोडा. तुमच्या वर्गातली पोरं डोळ्यापुढं आणा, आणि सांगा. तुमच्यापैकी ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांना खरोखर कुणीतरी शिकवायला हवंय, त्यांनी हात वर करा. आज केले तर साहेब लिहून घेतील, पुन्हा मुंबईला कळवतील. खऱ्या बाई, खरे प्रशिक्षक येतील. करा!"

साहेबांनी वही उघडली आणि पेनचं टोपण काढलं. त्या टोपणाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ते वयस्कर मास्तर एकदम चपलेचा अंगठा तपासायला वाकले. कुणाला खोकला आला, कुणाला पंख्याकडे बघावंसं वाटलं. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. आमचा हात उठला, देवाशप्पथ उठला. कानापर्यंत गेला, तिथं थोडंसं खाजवलं, आणि मागं बसलेल्या साहेबांच्या आठवणीनं मुकाट खाली आला.

"म्हणजे अडचण कुणालाच नाही," साहेब वही मिटून उठले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "मग दहा दिवस तरी कशाला ताणायचं? आज जेवणं उरकून आपण समारोपच करू."

यावर सगळ्यांत जोरात टाळ्या आम्हीच वाजवल्या. वाजवता वाजवता मंचाकडे लक्ष गेलं. अख्ख्या सभागृहात एकच हात वर होता. तज्ज्ञ मार्गदर्शकांचा. गुरुजी तो खाली घ्यायलाच तयार नव्हते.

साहेबांनाही तो दिसला. ते लगबगीनं दाराकडे वळले आणि ओरडले, "अरे, गुरुजींना पाणी द्या कुणीतरी! केव्हाचे मागतायत!"