नाना टेंभेकरांपुढे दिलेलं खोटं बयान

मी एकदा गाडीच्या फ्यूजला चॉकलेटची पन्नी गुंडाळली होती.

हसा. आता मीही हसते. पण तेव्हा मी तरुण होते, सहासष्टची, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हापासून घरचा फ्यूज मीच बांधत असे. दिवे गेले की पुरुष मंडळी मेणबत्ती शोधत आणि मी तारेचा तुकडा. बारीक तार सारखी जळते, जाड घातली की वर्षभर बघायला नको, एवढंच माझं विज्ञान. तर उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीच्या एसीचा पंखा बंद पडला. मुलाने, सुहासने, फ्यूज बदलला. चार दिवसांत तोही गेला. तेव्हा मी कोणाला न सांगता जळक्या फ्यूजच्या दोन्ही पायांभोवती चंदेरी पन्नी घट्ट गुंडाळली आणि अंगठ्याने दाबून बसवला. पंखा सुरू! पंधरा दिवस मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करत होते. मग पंखा खड्ड्यात गाडी आदळली की चाले, सरळ रस्त्यावर बंद पडे. आणि ज्या दिवशी ह्यांना नागपूरला डॉक्टरकडे न्यायचं, नेमका त्याच सकाळी तो मेला तो मेलाच.

मे महिना. ह्यांचं हृदय अधू, मागच्या वर्षी उन्हाची लू लागून कसेबसे वाचलेले. दोन महिन्यांनी मिळालेली वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी आठची. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या ह्यांना चढवत नव्हत्या आणि लग्नसराईत भाड्याची गाडी मिळेना. चारपर्यंत निघायचं तर गाडी त्याआधी थंड व्हायला हवी होती. म्हणजे नाना टेंभेकर.

नाना नेपियर टाउनमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत. फॅक्टरीतून निवृत्त झालेले बिजलीवाले, आता घरापुढच्या दुकानात गाड्यांचं विजेचं काम करत. मीटर जानव्यासारखा गळ्यात आडवा, आणि तोंडात एकच मंत्र, "पहले बयान, फिर पाना." म्हणजे आधी गाडीवाल्याने जबानी द्यायची, मग नाना पाना हातात घेणार. "एसी खराब झाला," असं कोणी म्हटलं की भडकत. "खराब आंबा होतो. गाडीला काय झालं ते सांगा. शेवटची थंड हवा कधी आली? चढावर की उतारावर? तेव्हा दिवे लावले होते का?" एका वकिलाला त्यांनी पाऊण तास उलटतपासणी घेऊन घामाघूम केलं होतं. मग डोळे मिटून थंड-गरमचं बटण हळूहळू फिरवत बसायचे आणि आतली झडप कुठे अडकते ते कानाने ऐकायचे. हवेच्या जाळीपुढे दोरा धरून तो किती हलतो ते बघायचे. न तपासता पुर्जा बदलणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "घरात चमचा हरवला की सुनेवर आळ घेणारे लोक हे," म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी दुसरीकडे बघायची.

आणि फ्यूजशी खेळणाऱ्याची गाडी ते बघतच नसत. एका प्राध्यापकाने फ्यूजच्या जागी खिळा ठोकला होता, त्याला दारातूनच परत पाठवलं. "तुम्ही पहारेकऱ्याला दारू पाजली, आता चोरी झाली म्हणून माझ्याकडे काहून आले?" हे मला ठाऊक होतं. म्हणून निघण्याआधी मी पन्नीवाला फ्यूज उपटला, फ्यूजच्या डबीच्या झाकणातला जादा, कोरा फ्यूज बसवला आणि पुरावा पर्सच्या आतल्या खणात टाकला.

नऊ वाजता बयान सुरू झालं. सुहासने त्याला माहीत होतं तेवढं सांगितलं. मग माझी पाळी.

"वहिनी, ह्याने बदलल्यावर फ्यूजला कोणी हात लावला?"

"नाही."

"पक्कं?"

"नाना, मला मेलीला काय कळतं त्यातलं?"

चाळीस वर्षं फ्यूज बांधणारी बाई हे म्हणाली, आणि आवाजही हलला नाही तिचा.

नाना कामाला लागले. बटणांची पट्टी सोडवली, मागचा प्लग बाहेर ओढला. तो वितळून तपकिरी झाला होता, तारांवरचं प्लास्टिक फुगलं होतं. मग त्यांनी पंख्याची मोटर थेट बॅटरीला जोडली आणि तारेभोवती चिमट्यासारखा मीटर धरला. अठ्ठावीस अँपिअर. मोटर उघडली तर आत निंबाची पानं आणि काड्या गच्च. आमची गाडी निंबाखालीच उभी असते. सगळं झटकलं, पुन्हा मोजलं. अकरा.

"मिळालं ना काका!" सुहासने घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते. "प्लग नवा टाका, आम्ही निघतो."

"थांब बेटा. मोटर अठ्ठावीस ओढून राहिली होती. फ्यूज वीसचा. फ्यूज उडायला पाहिजे होता. प्लग वितळला, तार भाजली, आणि हा पहारेकरी नव्यासारखा चमकून राहिला. काहून?"

"असेल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे कुठेतरी फ्यूजला टाळून वीज जाऊन राहिली. ते सापडेपर्यंत गाडी हलणार नाही. रस्त्यात पेटली तर तुझे बाबा उडी मारून पळतील का?"

सुहास घड्याळ बघायचा थांबला.

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. नाना गाडीखाली गेले, बाहेर आले. एकेक तार बोटाने चाचपत बॅटरीपर्यंत गेले. मीटरचा सेल बदलला. दुसरा मीटर आणला. तिसऱ्यांदा तेच आकडे आले तेव्हा खडूने फरशीवर गणित मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. घरून ह्यांचा फोन आला, "कपडे घालून बसलोय, येताय ना?" मी म्हटलं, "हो, आलोच." त्या दिवसाचं माझं दुसरं खोटं. पर्स मी पोटाशी धरून बसले होते. वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर हे दारातूनच परत पाठवतील आणि ह्यांची वेळ जाईल. खरं तर भीती त्याची नव्हतीच. सुहाससमोर फजिती होईल, ही भीती होती. केवढी मोठी बाई आणि केवढीशी अक्कल!

अडीच वाजता नाना स्टुलावर बसले. गळ्यातला मीटर काढला आणि मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना मीटर काढताना पाहिलं नव्हतं.

"वहिनी, मुलगा म्हणतो ते खरं आहे," ते हळूच म्हणाले. त्यांचा मुलगा पुण्याला. बायको गेल्यापासून नाना घरात एकटेच. "दिवाळीत मी गॅस चालू ठेवून झोपलो होतो. तेव्हापासून तो म्हणून राहिला, बाबा, डोकं थकलं, दुकान बंद करा, इकडे या. मी ऐकलं नाही. म्हटलं, बिजली मला अजून समजते." हातातला खडू त्यांनी खाली ठेवला. "आता तेही गेलं. फ्यूज समोर दिसून राहिला आणि मला समजत नाही. आज त्याला फोन करतो. जातो पुण्याला."

मी पर्स उघडली.

पन्नीवाला फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला. "नाना, डोकं तुमचं शाबूत आहे. बयान खोटं होतं. मी गुंडाळली होती ही. सकाळी काढली."

"आई!" सुहास ओरडला.

नानांनी फ्यूज उजेडात धरला. एका बाजूने बघितला, दुसऱ्या बाजूने बघितला. मीटरचं टोक लावलं, मीटर वाजला. मला वाटलं, आता हे मला हाकलतात.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले.

"हो."

"तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा बरोबर."

"हो, नाना."

आणि मग ते असे हसले की खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. सुहासने पाणी दिलं. खोकला थांबल्यावर मात्र त्यांनी माझी जी हजेरी घेतली, ती मी इथे लिहिणार नाही. माझी नातवंडं हे वाचतात. एवढंच सांगते, तो खिळेवाला प्राध्यापक माझ्यापुढे संत ठरला. बोलता बोलता हात चालूच होते. भाजलेली तार कापली, नवी जोडली, प्लग बसवला, वीसचा कोरा फ्यूज माझ्यासमोर लावला आणि मला त्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मग जाळीपुढे दोरा धरला. दोरा आडवा उडाला. चारला पाच मिनिटं कमी होती.

रात्रीच्या जेवणाआधी नागपूरला पोचलो. ह्यांना वाटेत शाल मागावी लागली. मी लगेच नानांना फोन लावला.

"पोचलो, नाना. हे अगदी थंड आहेत. म्हणजे चांगल्या अर्थाने."

"ते समजलं मला."

"पुण्याला फोन केलात का?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

"केला. म्हटलं, डोकं ठीक आहे, बयान झूठा था."

मी माफी मागायला लागले, त्यांनी मागू दिली नाही. मी फोन ठेवणार, तेवढ्यात आवाज आला,

"वहिनी, परत आल्या की या. काही बिघडवून आणायची गरज नाही. नुसत्याच या."