शेंदराखालचा खेकडा

आमच्या भागात सोयरीक ठरायच्या आधी दोन्ही घरांच्या ढालींवरची जनावरं जबानी द्यायला खाली उतरतात. प्रत्येकाच्या दारावर लाकडी ढाल असते, तिच्यावर घराण्याची खूण. ती खूण का आहे, हे तिनं स्वतः कचेरीच्या माणसापुढं सांगायचं. माणसांचं ऐकत नाहीत, कारण माणसं आपल्या घराबद्दल वाढवून बोलतात. जनावराला अर्थ सांगता आला नाही, तर सोयरीक नोंदत नाहीत.

माझी नात इंदू हिचं कातरखेड्याच्या रंगनाथरावांच्या मुलाशी जुळलं होतं. दोघांचं मनापासून होतं. अडचण एवढीच, की त्यांच्या ढालीवर सिंह आणि आमच्या ढालीवर खेकडा. आम्ही नदीवर नाव चालवणारी माणसं. खेकडा माझ्या आजानं बसवला. का बसवला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. मला शाळा नाही, त्यामुळं कुठं लिहून ठेवलं असतं तरी मला कळलं नसतं.

सोमवारी दुपारी कचेरीच्या मोकाशीबाई वही घेऊन आल्या. रंगनाथराव सिंहाला टेम्पोतून घेऊन आले. सिंह ओसरीवर बसला, पाणी प्याला, आणि विचारल्यावर म्हणाला, "शौर्य." ही त्याची चौथी जबानी होती.

मग खेकडा उतरला.

"आपला अर्थ?" बाईंनी विचारलं.

खेकडा गप्प. त्यांनी तीनदा विचारलं.

"त्यात विचारायचं काय, बाई?" रंगनाथराव म्हणाले. "खेकडा म्हणजे एकमेकांचे पाय ओढणं. लिहा तसं, म्हणजे आम्ही निघतो."

"अवो, तुमचा सिंह तरी कुठं कुणाला खाऊन आलाय?" माझी बायको ठकू आतून बोलली. "आल्याआल्या आमच्याच तांब्याला लागला!"

इंदू दाराआड उभी होती. ओढणीचं टोक तिनं दातात धरलं होतं.

"दिवस मावळेपर्यंत मुदत आहे," बाई म्हणाल्या. "मग 'अर्थ नाही' असं लिहावं लागेल."

मी खेकड्यापाशी जाऊन बसलो. दर दसऱ्याला आम्ही त्याला शेंदूर लावतो. आजा लावायचा, बाप लावायचा, मी साठ वर्षं लावला. खूण म्हणजे देवासारखीच, असं आम्ही धरून चाललो. चाचपून पाहिलं तर थर बोटभर जाड. तोंड कुठं आहे तेच सापडेना.

"ठके, गोडं तेल आण."

"आता भजी तळायचीत का पाव्हण्यांना?"

"आण तर खरी."

तेल लावून थर भिजू दिला. घाई केली असती तर नांगी मोडली असती. एकेक खपली काढत गेलो. रंगनाथराव दोनदा उठले, दोनदा बसले. अखेर खालून काळसर हिरवा खेकडा निघाला. त्यानं तोंडाचा फेस पुसला आणि माझ्याकडं पाहिलं.

"लाल खेकडा शिजलेला असतो," तो म्हणाला. "नाववाल्यांना एवढंही कळू नये?"

"चुकलं," मी म्हणालो. "मानानं लावत होतो."

"ते कळत होतं. म्हणून चावलो नाही."

"हे लिहू का?" बाईंनी विचारलं.

"नको. पुढचं लिहा. ह्याचा आजा वाळूत बसून ढाल रंगवत होता. मी पाण्याकडं निघालो होतो. ढाल मधे आली, म्हणून ओल्या रंगावरून चाललो. लोक म्हणाले, हाण त्याला. आजा म्हणाला, वाट त्याची आहे, ढाल माझी मधे आलीय, जाऊ द्या. मला बरं वाटलं. मी तिथंच राहिलो."

"मग अर्थ काय?"

"वाट देणं."

बाईंनी लिहिलं, शिक्का मारला. "शौर्य आणि वाट देणं. कुणाची हरकत?"

"माझी नाही," सिंह म्हणाला.

"जनावरांचा रकाना वेगळा आहे. रंगनाथराव?"

रंगनाथराव विचार करत होते. तेवढ्यात खेकडा ढालीकडं निघाला. तो आडवा चालत असल्यामुळं त्याला सगळी ओसरी लागली. सिंह उठला, शेपूट आवळून भिंतीला लागून उभा राहिला. रंगनाथरावांनी ते पाहिलं. मग वाकून आपले जोडे उचलले आणि बाजूला घेतले.

"साखर आणा," ते म्हणाले.

ठकूनं आत सोडलेला सुस्कारा ओसरीपर्यंत ऐकू आला. मला घाम आलेला होता, तो आता गार लागायला लागला. इंदूनं वाटी आणली. पहिली चिमूट सिंहाला, दुसरी खेकड्याला आणि मग माणसांना, असा क्रम असतो, तशी तिनं वाटली.