मैनेच्या मामांची हकीकत

श्रीशारदा समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी बालवर्गाचे राज्यात प्रवेशाचा प्रसंग गुदरला, तो ऐसा. आधी भावंडे घ्यावी, मग जुन्या विद्यार्थ्यांची लेकरे घ्यावी, मग विश्वस्तांचे सोयरे घ्यावे, आणि उरेल ते गुणवंतास द्यावे, ऐसा तेथील शिरस्ता. त्या साली जागा एकच उरली. सुभानजी खैरमोडे यांस आत सोयरा कोणी नाही. कन्या मैना कडेवर घेऊन वेशीशी आले. दारावर पहारेकरी होता. सुभानजी कन्येस म्हणाले, "मामांना नमस्कार कर." तिने केला, आणि त्याने हसून दार उघडले. मग आत कारभारीण बाईसाहेबांनी पुसिले, "बाळ, इथं कुणाला ओळखतेस?" मैना बोलिली, "मामांना. त्यांनीच आत सोडलं." ऐकताच बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. थोरल्या विश्वस्तांस सारे राज्य मामासाहेब म्हणे, आणि त्यांच्या कोपाने मागील कारभारीण एका दिवसात घरी बसली होती. "अहो, आधी नाही का सांगायचं! मामासाहेबांची भाची म्हणजे आमचीच!" ऐसे बोलून त्यांनी सरबत मागविले, आणि ते घेऊन आला तो पहारेकरीच. मैना "मा..." म्हणते तोच सुभानजींनी पेला तिच्या तोंडास लाविला. शेजारी एका पोराने सारे रंग, सारे पक्षी बिनचूक सांगितले होते. त्याच्या आईस "पुढच्या साली बघू" ऐसा निरोप जाहला. ती माऊली उठता उठता म्हणाली, "नशीबवान हो तुमची मुलगी." खरे बोलावे तर जागा जाते. सुभानजींनी प्रवेशाच्या कागदावर सही केली.

मग बाहेर येता पहारेकरी आडवा आला आणि हळूच म्हणाला, "पेढे कधी, दाजी?" सुभानजी कोणी ऐकले काय म्हणून मागे पाहू लागले, तो त्याने पुढे सांगितले, "माझी सख्खी भाची गेल्या साली याच दारातनं परत धाडली. मानलेली गेली आत. भिऊ नका, मी कुठं बोलतोय? पण रोज पोरीला सोडायला याल, तेव्हा मेव्हण्याची विचारपूस करत जा." मैनेने हात हलविला, "मामा, टाटा!"

येणेप्रमाणे गुणवंताची एक जागा होती, तीही सोयऱ्यांत गेली. मामासाहेबांस अद्याप ठाऊक नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवसाचे भय सुभानजी रोज सकाळी मैनेचे बोट धरून दारापर्यंत नेतात.