करुणाची प्रतिकारशक्ती वाढवण्याबाबत

आजारी माणसाला एकटं सोडू नये, हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण आहे. या बाबतीत आमचं न्हावरे गाव इतकं सुसंस्कृत आहे की इथं आजारी पडायला आधी तब्येत ठणठणीत लागते.

भेटीला जाण्याचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. सलाईन लागलं असेल तर शहाळं न्यावं. प्लास्टर असेल तर बिस्किटांचा पुडा न्यावा आणि 'कसं झालं?' ते पहिल्यापासून ऐकावं. वरून काहीच दिसत नसेल तर मात्र रिकाम्या हातानं जाऊन चहा घेत बारकाईनं चौकशी करावी लागते. (चहा रुग्णानं करायचा असतो.)

सम्राटची बायको करुणा हिचा आजार या तिसऱ्या वर्गातला. ती सणसवाडीच्या एका कंपनीत लाइनवर बारीक स्क्रू बसवते. वर्षभरापूर्वी तिची बोटं सुजायला लागली, सकाळी मूठ वळेना. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून आमवात सांगितला आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. तीन महिन्यांत मूठ अर्धी वळू लागली. उरलेली अर्धी वळावी म्हणून कंपनीनं दोन महिन्यांची रजा दिली. एक तारखेला येऊन स्क्रू बसवून दाखवायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. करुणाला ती जागा फार हवी होती. कंपनीत ती लाइन लीडर व्हायच्या बेतात होती, गावात ती नुसती सम्राटची बायको होती.

रजा लागली आणि बातमी फुटली. पहिल्याच दिवशी आम्ही नऊ जण गेलो. भेटींची नोंद ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. (कुणी दिलेलं नाही, पण आहे.) चहा झाल्यावर करुणानं आजार समजावून सांगितला.

"अंगात रोगाशी लढणारी ताकद असती ना, ती माझ्यात माझ्याच सांध्यांवर चालून जाती. बाहेरचं कोण आन् घरचं कोण, तेच तिला कळंना."

"म्हंजी प्रतिकारशक्तीचा घोळ हाय," गेणबा आप्पा म्हणाले. मेंढरांच्या औषधपाण्यात आप्पांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, त्यामुळे माणसांच्या बाबतीतही त्यांचाच शब्द शेवटचा मानतात.

"व्हय आप्पा."

"मग वाढवू की!"

"आप्पा, वाढलीय म्हणून तर हे झालंय."

पण तोवर ठराव पास झाला होता. करोनापासून प्रतिकारशक्तीविषयी गावाला एकच गोष्ट ठाऊक आहे, ती म्हणजे वाढवायची. ती जास्त होऊन कुणाचं नुकसान होतं, हे कुणालाच पटलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत भेटी सदुसष्ट झाल्या, चहा एकशे चौदा कप, उपाय एकतीस. पैकी गुळवेल बारा, शेवग्याचा पाला सात, भिजवलेल्या मेथ्या तीन आणि 'माझ्या मेव्हणीला अगदी असंच झालं होतं' नऊ. (हा खरं तर उपाय नव्हे, पण सांगताना उपायासारखाच सांगतात. मेव्हणीचं पुढं काय झालं, हे नऊपैकी एकानंही सांगितलं नाही.) चौघांनी अजिबात हलू नकोस असं बजावलं. पाच जणांनी अजिबात बसू नकोस असं बजावलं.

डॉक्टरीणबाईंची गोळी ती ताकद वाढवत नाही, उलट आवरते, हे कळल्यावर मात्र गावात खळबळ उडाली. त्यात आठवड्याला एकच गोळी! आमच्याकडे डॉक्टरची हुशारी गोळ्यांच्या संख्येवरून ठरते. या बाईंना आजार समजलेलाच नाही, असं सर्वानुमते ठरलं.

"पंधरा-वीस दिस थांबून तर बघ," सासूबाई सरूबाई म्हणाल्या. "एवढी माणसं सांगत्यात, ती काय येडी हायत का?"

सम्राट काही बोलला नाही. (आईसमोर न बोलण्याचा त्याचा आजार जुना आहे, त्यावर कुणी काढा सुचवलेला नाही.) करुणा एकतीस वेळा नाही म्हणून थकली होती. बत्तिसाव्यांदा ती "बरं" म्हणाली.

तीन रविवार गोळी बंद राहिली, काढा दोन वेळा चालू. चौथ्या रविवारी तिला चहाची कपबशीही धरता येईना, गुडघे सुजले ते वेगळंच. सम्राट तिला गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला. त्या दिवशी आईसमोर तो पहिल्यांदा बोलला, आणि बराच मोठ्यानं बोलला.

परत आल्यावर करुणानं दारातच मला सांगितलं, "मॅडमनी तुमची सगळी यादी ऐकून घेतली. म्हणल्या, 'हे लोक तुमच्या वाईटावर आहेत का?' म्हटलं, 'न्हाई, समदी आपलीच माणसं हायत, मला वाचवायलाच येत्यात.' मॅडम म्हणल्या, 'मग तुमचा आजार तुम्हाला नीट समजलाय.'"

मला फार लाज वाटली. (ही नोंद वहीत केलेली नाही.)

गोळी पुन्हा चालू झाली. जोडीला थोड्या दिवसांची दुसरीही मिळाली. एक तारखेला करुणानं स्क्रू बसवून दाखवले, पण दुपारी. सकाळी बोटं उघडतच नाहीत. कंपनीनं तिला महिनाभर दुसऱ्या पाळीत घेऊन बघायचं ठरवलंय. लाइन लीडरचं नंतर बघू म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिनं दारावर कागद चिकटवला: 'भेटीची वेळ सकाळी सहा ते आठ. आधी म्हशीची धार काढावी, पाणी भरावं, कणीक मळावी. मग उपाय सांगावा.'

त्यानंतरच्या वीस दिवसांत भेटी शून्य, उपाय शून्य. गेणबा आप्पा तेवढे रोज पहाटे येतात, धार काढतात आणि न बोलता जातात. उपाय न सांगता गेलेल्याला भेट म्हणता येत नाही, म्हणून त्यांचं नाव वहीत नाही.

आता तुमचं. एवढं वाचून तुमच्याही मनात येऊन गेलंच असेल, की करुणानं एकदा ते अमुक करून बघायला काय हरकत होती? तुमच्या ओळखीत कुणाला तरी गुण आलेलाच असणार. अवश्य या. शिरूरहून न्हावऱ्याला सकाळची एसटी आहे, पण ती सहाला पोचत नाही, तेव्हा मुक्कामालाच या. आणि नखं कापून या, कणीक मळायची आहे.